सुईत दोरा जातो का?

केमोथेरपीचा प्रत्येक डोस देण्याआधी आम्ही रुग्णाचं रक्त तपासतो. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन. यांतला एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की डोस पुढे ढकलायचा किंवा कमी करायचा, यावर दोन कॅन्सरतज्ज्ञांत वाद होत नाही. प्लेटलेट पन्नास हजारांवर उतरल्याचं लॅबनं कळवलं, तर त्या दिवशी केमो लागत नाही. आता तोच रुग्ण समोर बसून म्हणाला, "कापसावर चालल्यागत वाटतंय, चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही," तर? रक्ताचे रिपोर्ट ठीक असले, तर बहुतेक ठिकाणी त्याला पूर्ण डोस मिळतो.

ही तफावत मला फार दिवसांपासून बोचते. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात कॅन्सरच्या रुग्णांवर औषधोपचार करते. रुग्णानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला त्रास हा लॅबच्या रिपोर्टइतकाच पक्का पुरावा मानावा, तो ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक दिवशी गोळा करावा आणि त्यावरून औषधाचा निर्णय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. विचारणं त्या मानानं सोपं असतं. जे कळलं त्यावरून डोस बदलणं अवघड.

पण विचारणंसुद्धा वाटतं तितकं सोपं नाही, हे आधी सांगते. पहाटेची एसटी धरून आलेला माणूस नंबर लावून दुपारी माझ्यासमोर येतो. बरोबर मुलगा, सून, कधी जावई. मी विचारते, "काय म्हणताय मावशी, काही त्रास?" मावशींनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणतो, "जेवण व्यवस्थित आहे मॅडम, काळजी नाही." मावशी मान डोलावतात. "बरं हाय." या दोन शब्दांमागे काय काय असतं! डॉक्टरांपुढे रडगाणं गाऊ नये ही शिकवण असते. मुलगा रजा टाकून आलाय, त्याच्यादेखत जुलाबाचं काय बोलायचं, हा संकोच असतो. आणि सगळ्यात खोल भीती अशी, की त्रास सांगितला तर डॉक्टर औषध बंद करतील आणि मग आजार उलटेल. आमच्याकडचे रुग्ण त्रास वाढवून सांगतात असं काही डॉक्टर म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ते लपवतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इटलीत मास्सिमो दि मायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन क्लिनिकल ट्रायलमधल्या १०९० रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि २०१५ साली त्या प्रसिद्ध केल्या. रुग्णांनी प्रश्नावलीत स्वतः काय लिहिलं आणि त्याच काळात डॉक्टरांनी काय नोंदवलं, याची ती तुलना होती. भूक मंदावणं, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, जुलाब, केस गळणं असे सहा त्रास पाहिले. रुग्णानं त्रास आहे असं लिहिलेलं असताना डॉक्टरांच्या कागदावर तो नसण्याचं प्रमाण, कोणता त्रास त्यानुसार, सुमारे ४१ ते ७४ टक्के निघालं. रुग्णानं "खूपच जास्त" असं लिहिलेला त्रासही १३ ते ५० टक्के वेळा सुटला होता. आणि हे ट्रायलमध्ये, जिथे दुष्परिणाम नोंदवणं हे डॉक्टरांचं नेमून दिलेलं काम असतं. साध्या ओपीडीत काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

माझ्या विषयात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ऑक्सॅलिप्लॅटिन. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आजार परत येऊ नये म्हणून हे औषध शिरेतून देतात. त्याचा घाव नसांवर पडतो. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस गार पाण्यात हात घातला, स्टीलचा तांब्या उचलला, की बोटांत करंट लागल्यासारख्या मुंग्या येतात. हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. खरी चिंता नंतरची. डोस साठत जातात तसा बोटांच्या टोकांना, तळपायांना बधिरपणा येतो आणि तो दोन डोसांच्या मधल्या काळातही जात नाही. औषध थांबवल्यावरही काही महिने तो वाढत राहू शकतो. म्हणजे आज त्रास थोडा दिसतो म्हणून अजून दोन डोस दिले, तर त्यांचं फळ औषध संपल्यावर हाती येतं. काहींना ते कायमचं पुरतं.

या बधिरपणाला रक्ताची तपासणी नाही. नसांची विद्युत तपासणी करता येते, पण दर डोसाआधी ती करून निर्णय घेता येईल अशी तिची उपयुक्तता नाही. तो होऊ नये म्हणून खात्रीचं औषध अजून सापडलेलं नाही. ड्युलॉक्सेटिननं काहींचं दुखणं कमी होतं, बधिर झालेलं बोट त्यानं जागं होत नाही. मग उरतं काय? वेळेवर डोस कमी करणं किंवा थांबवणं. आणि वेळ झाली हे ओळखायचा एकच मार्ग, रुग्णाला विचारणं. तेही "मुंग्या येतात का?" एवढंच नाही, कारण मुंग्या सगळ्यांनाच येतात. आमच्या नियमांत या त्रासाची पायरी कामावरून ठरते. घरकाम, स्वयंपाक, खरेदी, पैसे मोजणं अडायला लागलं तर दुसरी पायरी. कपडे घालणं, जेवणं, अंघोळ यांसारखी स्वतःची कामं अडली तर तिसरी. म्हणून प्रश्न कामाचाच हवा. शर्टाची बटणं लावता का? भाकरी थापताना पीठ हाताला कळतं का? नाणं आहे की बटण, हे खिशात हात घालून ओळखता का? जिना उतरताना पायरी बघावी लागते का?

आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई उपचार घेत होत्या. ओपीडीत त्यांचं उत्तर नेहमी एकच, "ठीक आहे." सिस्टरांच्या ठरलेल्या फोनवर मात्र प्रश्न आला, "सुईत दोरा जातो का?" पलीकडून उत्तर आलं, "सुनेकडनं ओवून घेते." सिस्टरांनी पुढे विचारलं, हूक? काज? हूक टाचायचं काम त्यांनी पंधरा दिवसांपासून बंद केलं होतं, शिवणं घेणंही कमी केलं होतं. वयानं दिसत नाही, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. हा फोन नसता तर पुढच्या आठवड्यात त्यांना पूर्ण डोस लागला असता.

त्यानंतरच्या बोलण्यात मला एका मोठ्या अभ्यासाचा आधार होता. २०१८ साली 'आयडिया' या नावानं सहा ट्रायलचे निकाल एकत्र प्रसिद्ध झाले. १२,८३४ रुग्ण, प्रश्न एकच: हा उपचार सहा महिने द्यायचा की तीन महिने पुरतील? तीन वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण तीन महिन्यांच्या गटात ७४.६ टक्के, सहा महिन्यांच्या गटात ७५.५ टक्के होतं. दुसऱ्या पायरीचा किंवा त्याहून जास्त नसांचा त्रास मात्र ऑक्सॅलिप्लॅटिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत तीन महिन्यांत सुमारे १४ टक्क्यांना आणि सहा महिन्यांत ४५ टक्क्यांना झाला. ज्यांचा आजार कमी जोखमीचा, त्यांना तीन महिने बिनदिक्कत पुरतात. जास्त जोखमीत चित्र तितकं साफ नाही, तिथे तोलूनमापून ठरवावं लागतं.

ताईंचा आजार जास्त जोखमीच्या बाजूचा होता आणि चौथा महिना चालू होता. मी त्यांच्यासमोर दोन्ही बाजू मांडल्या. ऑक्सॅलिप्लॅटिन इथेच थांबवून नुसत्या गोळ्या पुढे चालू ठेवता येतील. त्यांनी विचारलं, "औषध कमी केल्यावर आजार उलटणार नाही ना?" उलटणारच नाही असं मी म्हणू शकत नव्हते. पूर्ण डोस घेतला तरी तसं म्हणता येत नाही, हेही सांगितलं. त्या घरी गेल्या, नवऱ्याशी बोलल्या आणि ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवायचं ठरवून आल्या. जवळपास तेवढाच बधिरपणा असलेले एक निवृत्त शिक्षक त्याच सुमाराला उपचार घेत होते. त्यांनी उरलेले डोस कमी मात्रेत का होईना, पण घ्यायचे असं ठरवलं. "लिहायचं होतं ते लिहून झालं," म्हणाले. दोघांच्या कागदावर एकच पायरी, निर्णय वेगळे, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर.

गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण त्या घरी घेतल्या जातात आणि मधले दोन आठवडे रुग्ण आमच्या नजरेआड असतो. कॅपेसिटाबिनचा नियम स्पष्ट आहे. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब होऊ लागले, किंवा तळहात-तळपाय लाल होऊन काम अडेल इतके दुखू लागले, की गोळ्या थांबवायच्या आणि त्रास उतरल्यावर पुढचं ठरवायचं. पण आपल्याकडे गोळ्यांचं पाकीट संपवणं हे कर्तव्य मानलं जातं. पैसे मोजून आणलेल्या गोळ्या उरवायच्या कशा? दिवसाला आठ-आठ जुलाब होत असताना ताकभात खाऊन गोळी घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून गोळ्या सुरू झाल्यावर आमच्या सिस्टर मधेच दोनदा फोन करतात. फोन शक्यतो रुग्णाच्या हातात द्यायला सांगतात. आणि थर्मामीटर घरात आहे का, हे पहिल्याच फोनला विचारतात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की सकाळची वाट न बघता निघायचं, हे प्रत्येक फोनला पुन्हा सांगतात.

अशा विचारपुशीनं नेमका काय फरक पडतो, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये ईथन बॅश यांनी तपासलं. पसरलेला कॅन्सर आणि केमोथेरपी चालू असलेले ७६६ रुग्ण. एका गटाला नेहमीची काळजी. दुसऱ्या गटातल्यांनी बारा नेहमीच्या त्रासांबद्दल संगणकावर स्वतः नोंद करायची, त्रास तीव्र झाला किंवा वाढला की नर्सला आपोआप ई-मेल जायचा. नोंद करणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांचं जीवनमान सुधारलं, दुसऱ्या गटात १८ टक्क्यांचं. इमर्जन्सीत जावं लागणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३४ वर आलं. केमोथेरपी सरासरी ६.३ ऐवजी ८.२ महिने सोसवली. २०१७ साली आयुष्याचा हिशेब जाहीर झाला: मध्यक ३१.२ महिने विरुद्ध २६ महिने. औषध नवं नव्हतं. आलेल्या इशाऱ्यांपैकी ७७ टक्के वेळा नर्सनी काहीतरी ठोस केलं होतं, तेच काय ते नवं. यातली एक गोष्ट मी आमच्या प्रशासनाला पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांना आधी संगणकाची सवय नव्हती, त्यांना या पद्धतीचा फायदा जास्त झाला. "आमच्या खेड्यातल्या रुग्णांना हे जमायचं नाही" या म्हणण्याला त्यामुळे फारसा अर्थ राहत नाही.

दुसरा निकालही सांगायला हवा. बॅश यांनीच पुढे अमेरिकेतल्या ५२ केंद्रांवर ११९१ रुग्णांत हीच पद्धत वापरली. तिथे रुग्ण इंटरनेटऐवजी स्वयंचलित फोनवरही उत्तरं देऊ शकत होते. शारीरिक क्षमता, त्रासावरचं नियंत्रण आणि जीवनमान सुधारलं, इमर्जन्सीत जायची पहिली वेळ लांबली. आयुष्य मात्र वाढलं नाही. म्हणून "प्रश्न विचारल्यानं माणूस जास्त जगतो" असं सरसकट विधान मी करत नाही. आहेत ते महिने माणूस चालता-बोलता राहिला, तर माझ्या लेखी तेवढंही पुरे आहे. एखाद्या नव्या गोळीनं एवढं केलं असतं, तर ती केव्हाच बाजारात आली असती.

आपल्या मुंबईतल्या एका कामाचाही उल्लेख करायलाच हवा. तीव्र केमोथेरपीनंतर उलट्या होऊ नयेत म्हणून इतर औषधांच्या जोडीला ओलान्झापिन देतात. रूढ मात्रा १० मिलिग्रॅम. उलट्या थांबतात, पण पेंग इतकी येते की दुसऱ्या दिवशी बाई चुलीपाशी उभी राहू शकत नाही. उलट्या मोजता येतात, पेंग कुठल्याच यंत्रात दिसत नाही. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमशी २.५ मिलिग्रॅमची तुलना केली आणि २०२४ साली ती 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाली. उलट्यांवर पूर्ण नियंत्रण कमी मात्रेत ४५ टक्क्यांना, पूर्ण मात्रेत ४४ टक्क्यांना. पहिल्या दिवशी तीव्र पेंग कमी मात्रेत ५ टक्क्यांना, पूर्ण मात्रेत ४० टक्क्यांना! पाव गोळीत काम भागतं, हे रुग्ण काय सोसतात याची कुणीतरी पद्धतशीर मोजदाद केली म्हणून कळलं. आमच्याकडे आता कमी मात्राच देतो.

विचारायचं कसं, हा प्रश्न मला तरुण डॉक्टर नेहमी विचारतात. तयार साधनं भरपूर आहेत. युरोपात १९९३ साली तयार झालेली, ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेची तीस प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. आजारामुळे पैशाची ओढाताण झाली का, असाही एक प्रश्न तिच्यात आहे, आणि आमच्याकडे तो कधीच वाया जात नाही. पण रोजच्या कामात तीस प्रश्न झेपत नाहीत. आम्ही आठ-दहा निवडून घेतले आहेत. शून्य ते दहा असा आकडा सांगणं शाळा न पाहिलेल्या आजींना जड जातं. त्यांची स्वतःची मापपट्टी असते. "बारा आणे कमी झालंय," "अजून चार आणे राहिलंय" असं त्या आपणहून म्हणतात. सिस्टरांनी ते जसंच्या तसं लिहून ठेवायला सुरुवात केली, आणि माझ्या दृष्टीनं ती नोंद दहापैकी सातपेक्षा जास्त विश्वासाची आहे. कारण त्यात आजींची तुलना स्वतःशीच असते, गेल्या आठवड्यातल्या आपल्याच दुखण्याशी. दोन रुग्णांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून याला जास्त, त्याला कमी असं मी कधीच ठरवत नाही. त्याच कारणानं अशा आकड्यांवरून रुग्णालयांची क्रमवारी लावायची कल्पना मला धोक्याची वाटते. आकडा चांगला दिसावा म्हणून प्रश्नच गोड विचारले जातील.

आणि प्रश्न विचारून उत्तर फाइलला लावून ठेवणं तर मला सर्वांत वाईट वाटतं. रुग्णानं संकोच गिळून सांगितलं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो कागद पाहिलाही नाही, तर तिसऱ्या वेळी तो पुन्हा "बरं हाय" म्हणतो. म्हणून आमच्याकडे हा कागद फाइलमध्ये रक्ताच्या रिपोर्टच्या वर लावतात. कोणत्या उत्तराला काय करायचं हे आधी ठरलेलं असतं. कुठल्या उत्तरावर सिस्टरांनी स्वतः सल्ला द्यायचा, कुठल्या उत्तरावर मला लगेच कळवायचं, कुठल्या उत्तरावर गोळ्या थांबवायच्या. हे ठरलेलं नसेल, तर प्रश्नावली सुरूच करू नये.

कधी कधी रुग्णाचं सांगणं आणि स्कॅन यांची तोंडं दोन दिशांना असतात. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेले एक ऊस उत्पादक आजोबा होते. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात गाठ "स्थिर". मुलगा तो कागद हातात धरून होता. चेहऱ्यावर आनंद दिसत होता, आणि या आजारात गाठ स्थिर राहणं ही खरोखरच चांगली बातमी आहे. पण फाइलमधला आमचा कागद वेगळं सांगत होता. भूक दर आठवड्याला कमी, दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर, दुखणं आठ आण्यांवरून बारा आण्यांवर. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "सलाइन लावल्यावर आठ दिवस मी माणसात नसतो. जरा उठून बसतोय तोवर तुमची पुढची तारीख येते." मुलाला हे नवीन होतं. घरी ते असं काही बोललेच नव्हते. बराच वेळ बोलणं झालं. केमोथेरपी थांबवली. मॉर्फिन सुरू केलं, अन्न पचावं म्हणून एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या. केमो थांबवणं म्हणजे हात टेकणं, असं नातेवाइकांना वाटतं, पण २०१० साली बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांत पाहिलं होतं, की ज्यांना सुरुवातीपासून वेदनाशामक काळजीची जोड मिळाली, त्यांच्यावर शेवटी शेवटी उपचारांचा मारा कमी झाला आणि तरीही ते जास्त जगले. मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९.

केमो थांबली म्हणून फोन थांबवायचा नाही, असा आमचा नियम आहे. मॉर्फिन सुरू केल्यावर तर पहिला फोन दोन दिवसांतच जातो, आणि त्यात दुखण्याच्या आधी पोट साफ होतं का हे विचारतात. मॉर्फिननं संडास घट्ट होते. जुलाबाचं औषध सोबत दिलेलं असलं तरी ते घेतलं जातंच असं नाही. चार दिवस पोट साफ झालं नाही की रुग्ण कुणालाही न सांगता मॉर्फिनच बंद करतो, दुखणं परत येतं, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही. आजोबांनी तिसऱ्या दिवशी नेमकं हेच केलं होतं. सिस्टरांनी फोनवरच जुलाबाच्या औषधाची मात्रा वाढवायला सांगितली, मला कळवलं, आणि संध्याकाळी पुन्हा फोन केला.